प्रथिनाची घडी कोण घालतं?

रायबोन्यूक्लिएज हे प्रथिन म्हणजे 124 अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातल्या सिस्टीन नावाच्या आठ आम्लांच्या चार जोड्या जुळवायचे प्रकार 105, त्यातला बरोबर एकच. ख्रिश्चन अँफिन्सन यांनी युरिया वापरून तिची घडी मोडली, जोड्याही तोडल्या. मग युरिया काढून ती हवेतल्या ऑक्सिजनवर सोपवली, तर प्रथिन पुन्हा कामाला लागलं. म्हणजे आकार साखळीच्या क्रमातच ठरलेला असतो. मग उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं का होत नाही? कारण उलगडलेल्या साखळ्या दाटीत एकमेकींना चिकटून बसतात. पेशीतही दाटी असतेच, म्हणून तिथे शॅपरॉन नावाची मदतनीस प्रथिनं लागतात. त्यांच्यामुळे अँफिन्सन खोटे ठरतात, हा आक्षेप मात्र पटत नाही. जीवाणूतलं ग्रोईएल हे पिंपासारखं शॅपरॉन वेगवेगळ्या आकारांच्या कितीतरी प्रथिनांना आडोसा देतं; प्रत्येकाचा साचा त्याच्यापाशी असणार कसा?