चालकाचा उतारा कोठे आहे?

जमीन विकत घ्यावयाची झाली की लोह्याचा किंवा चाकूरचा साधा शेतकरीसुद्धा आधी सातबारा मागतो आणि इतर हक्कांच्या रकान्यावर बोट ठेवून कोणाचा बोजा चढला आहे ते वाचतो. त्याच घरचे पोर शिकवणीसाठी लातुरात राहते व सणावाराला भाड्याच्या गाडीतून नांदेड रस्त्याने घरी येते. त्या गाडीचे चाक ज्याच्या हाती आहे, त्याचा पूर्वेतिहास मात्र कोणी विचारीत नाही. आणि विचारला, तर त्या बिचाऱ्याने दाखवावे काय?

इंग्लंडमध्ये चालकाच्या नावावर दोषांक चढतात. बहुतेक दोषांची नोंद ४ वर्षे राहते, दारू पिऊन गाडी हाकल्याची ११ वर्षे. आणि ३ वर्षांत १२ दोषांक भरले की सामान्यतः परवाना गेलाच. अमेरिकेत प्रत्येक राज्य चालकाचा असा उतारा देते. आपली मुले तिकडे नोकरीस जातात तेव्हा विमा उतरविताना त्यांची या कागदाशी पहिली गाठ पडते.

आमच्या कायद्याला ही कल्पना सुचलीच नव्हती असे मात्र नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे २४ वे कलम सांगते की, चालकास अपात्र ठरविणाऱ्या न्यायालयाने वा अधिकाऱ्याने तसा शेरा परवान्यावरच लिहावा. २५ वे कलम म्हणते की, नवा परवाना घेतला तरी जुना शेरा त्यावर उतरलाच पाहिजे. पुढे ३ वर्षे नवा शेरा पडला नाही तर निष्कलंक परवाना मागण्याचा हक्क चालकास आहे. शिक्षा आणि क्षमा दोन्ही यात आहेत. जुन्या पुस्तकवजा परवान्यात या शेऱ्यांसाठी कोरी पाने असत. मालक ती चाळून पाहू शकत असे. त्या पुस्तकाच्या जागी गुळगुळीत कार्ड आले आणि ती पाने गेली.

त्यांच्या जागी सरकारची 'सारथी' ही संगणकीय नोंदवही आली. परवान्याचा क्रमांक व जन्मतारीख दिली की ती उत्तर देते. तो क्रमांक वाचणे सोपे आहे: एमएच २६ म्हणजे नांदेड, एमएच २४ म्हणजे लातूर, पुढचे ४ आकडे परवाना दिल्याचे वर्ष आणि शेवटचे ७ अनुक्रमांक. मुदतीच्या तारखा दोन असू शकतात. एक खाजगी वाहनाची, दुसरी भाडोत्री वाहतुकीची. नोकरीवर चालक ठेवणाराने दुसरी पाहावी. खाजगी तारीख पुष्कळ लांबची दिसते आणि तिच्या भरवशावर ट्रकाची किल्ली हाती दिली जाते! याहून सविस्तर हवे असेल तर परवान्याच्या उताऱ्यासाठी अर्ज करण्याची सोय आहे. सरकार परवान्यास 'अनुज्ञप्ती' म्हणते, हेही अर्जदाराने ध्यानी ठेवावे. नाहीतर योग्य खिडकीसमोर उभे राहूनही ती ओळखू यावयाची नाही.

परंतु रोजचे गुन्हे या वहीत सहसा येतच नाहीत. चौकातला कॅमेरा पाटी टिपतो, माणूस टिपत नाही. ई-चलन गाडीच्या क्रमांकावर चढते व मालकाच्या भ्रमणध्वनीवर जाते. केंद्राच्या ई-चलन पानावर परवान्याच्या क्रमांकानेही शोध घेता येतो. पण चलन करताना परवान्याची नोंदच झाली नसेल तर तेथे सापडणार काय? बोजा चढतो तो लोखंडावर. चालक मालकाला दंडात टाकून दुसऱ्या मालकाकडे जातो तो धुतल्या तांदळासारखा. उलट ज्याने स्कूटर विकली पण नावबदल केला नाही, तो गृहस्थ घरबसल्या परक्याचे दंड गोळा करतो. कलम ५० प्रमाणे विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यावयाची असते, हे किती विक्रेत्यांना ठाऊक असते?

सर्वांत मोठा अन्याय होतो तो नीट गाडी चालविणारावर. वीस वर्षे ज्याने एकही माणूस दुखावला नाही त्याच्यापाशी त्याचा पुरावा नाही. विम्यातील दावारहित सवलत मालकाची. ती फक्त दावा झाला नाही एवढेच सांगते. पगार ठरविताना बेफाम आणि सावध चालक एकाच तराजूत बसतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. अशा देशात सावधपणाला बाजारात किंमत नसावी?

कायदा नवा करावा लागणार नाही. गाडी कोण चालवीत होता हे सांगण्याचे बंधन कलम १३३ ने मालकावर घातलेलेच आहे. ते उत्तर चलनाबरोबर मागावे व परवान्याच्या क्रमांकाशी जोडावे. मात्र चालकास ती नोंद आधी दाखवावी, तक्रारीस वाव द्यावा आणि २५ व्या कलमातील क्षमेची मुदत पाळावी. नाहीतर मालक आपले दंड गरीब नोकराच्या नावे चढवतील, हे आम्ही आजच सांगून ठेवतो. उताराही चालकाच्या संमतीनेच दुसऱ्याच्या हाती पडावा.

तोवर वाचकांना एक मार्ग खुला आहे. आपल्या परवान्यावर अपात्रतेचा वा निलंबनाचा कोणता आदेश नोंदलेला आहे, हे माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जाने विचारता येते. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. नांदेड आणि लातूरच्या परिवहन कार्यालयांत असे शंभर अर्ज एका महिन्यात पडले, तर कोऱ्या पानांचे पुढे काय झाले याचा शोध त्या कार्यालयांनाच घ्यावा लागेल.