सहा रूपे, तीन उच्चार

फ्रेंच शिकवू लागलो तेव्हा 'बोलणे' या क्रियापदाची वर्तमानकाळातील सहाही रूपे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून देत असे. मुले ती पाठ करीत व परीक्षेत बिनचूक लिहीत. परंतु ध्वनिमुद्रित संभाषण ऐकविताच वर्ग गोंधळून जाई. डोळ्यांच्या ओळखीचे शब्द कानांना परके वाटत. दोष मुलांचा नव्हता. क्रम माझा चुकला होता.

हीच रूपे आता कानांनी पाहू. मी बोलतो : 'ज पार्ल'. तू बोलतोस : 'त्यू पार्ल'. तो बोलतो : 'इल पार्ल'. ते बोलतात : पुन्हा 'इल पार्ल'च! लेखनात दुसऱ्या रूपाअखेर 'एस्' आणि शेवटच्या रूपाअखेर 'एन्-टी' ही अक्षरे येतात. उच्चारात ती मुकी राहतात. आम्ही बोलतो म्हणजे 'नू पार्लों', आणि तुम्ही बोलता म्हणजे 'व्हू पार्ले'. हे शेवटचे रूप मुले मुंबईच्या पार्ल्यावरून चटकन लक्षात ठेवतात. सारांश, रूपे सहा, पण क्रियापदाचे उच्चार तीनच. बहुतांश फ्रेंच क्रियापदे याच वळणाची आहेत.

निरोप घेताना आपण नुसते 'येतो' म्हणतो, तरी कर्ता कळतो. कारण मराठीत प्रत्यय बोलका आहे. फ्रेंचमध्ये तो बहुधा मुका, म्हणून सर्वनाम गाळता येत नाही. सर्वनाम व क्रियापद एका श्वासात, एकच शब्द असल्याप्रमाणे म्हणवून घ्यावे.

क्रियापद स्वराने सुरू झाले की मुके अक्षर जागे होते. 'त्याला आवडते' हे 'इलेम', तर 'त्यांना आवडते' हे 'इल्जेम'. येथील 'ज' आपल्या 'जोर'मधला. एवढ्या एका ध्वनीवर एकवचन आणि अनेकवचन यांतील भेद अवलंबून असतो.

दोन ध्वनी मात्र देवनागरीत नीट उतरत नाहीत. 'त्यू'मधील स्वरासाठी जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठ 'ऊ'सारखे गोल करावेत. फ्रेंच 'र' जिभेच्या टोकाने नव्हे, तर घशाशी, गुळणी करताना घरघर होते तेथे उच्चारावा.

म्हणून शिक्षकबंधूंना व भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते : पहिले काही तास फळा कोरा ठेवावा. कान तयार झाले, की मुकी अक्षरे लिहावयास शिकवणे फारसे कठीण जात नाही.