पासष्ट मिलिमीटरची खात्री

२४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महाराष्ट्रात ती अतिवृष्टी धरली जाते, आणि ती ठरते महसूल मंडळाच्या आकड्यावर. २०१७ मध्ये सुरू झालेल्या महावेध प्रकल्पाने मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली ती अशाच नोंदींसाठी. शहापूर तालुक्यात किन्हवलीकडे भात आडवा झाला की भरपाईचा विषय या आकड्यापाशी येतो. यंत्र स्वतःला तपासतं, मग शंका कशाला, असं कुणी म्हणेल. यंत्र स्वतःला तपासतं हे खरं. पण किती आणि कुठवर, हे पाहिलं पाहिजे.

केंद्राच्या पेटीतला डेटा लॉगर तापमापकाकडून येणारा सूक्ष्म विद्युतदाब मोजून त्याचा आकडा करतो. उन्हात पेटी तापली की हे मोजमाप किंचित सरकतं. म्हणून चांगला लॉगर ठरावीक वेळाने बाहेरची तार क्षणभर तोडतो, शून्य दाब मोजतो आणि शून्याऐवजी जे दिसेल ते पुढच्या मोजणीतून वजा करतो. मग आतल्या ज्ञात दाबाशी ताडून पट्टीही सुधारतो. हे कॅलिब्रेशन मोलाचं आहे, पण ते तार जिथे जोडली तिथेच संपतं. पर्जन्यमापकाकडून तर लॉगरला फक्त ठोके मिळतात: नरसाळ्याखालचा छोटा कप्पा भरून कलंडला की एक ठोका. नरसाळ्यात पाला अडकला, मापक तिरका झाला, तर लॉगर चुकीचे ठोके अचूक मोजतो. मुसळधार सरीत कप्पा कलंडत असताना पडणारं पाणी हिशेबाबाहेर राहतं. पाच टक्केच कमी भरले, तर ६८ मिलिमीटरची नोंद ६४.६ होते आणि अतिवृष्टी कागदावरून नाहीशी होते.

शेजारच्या केंद्रांशी तुलना केली की चूक सापडेल, हा आक्षेप रास्त आहे. बंद पडलेला मापक त्यातून सापडतोही. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी दोन गावांतला पाऊसच इतका वेगळा असतो की पाच टक्क्यांची तूट त्यात लपून जाते. मुसळधार पावसासाठी गणिती दुरुस्ती करता येते, मात्र ती स्वच्छ, सरळ बसवलेला मापक गृहीत धरते. म्हणून मापकात मोजून पाणी ओतूनच तो तपासायला हवा, आणि त्यात खर्चाची सबब तर टिकतच नाही. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात एक लिटर पाणी म्हणजे ५० मिलिमीटर, ०.२ मिलिमीटरच्या कप्प्याचे २५० ठोके. तेच पाणी अर्ध्या तासात सोडलं, तर ताशी १०० मिलिमीटरच्या सरीची परीक्षा होते. मृगापूर्वी प्रत्येक केंद्रावर ही चाचणी व्हावी, आणि तिची तारीख व मिळालेले ठोके मंडळाच्या पावसाच्या आकड्याशेजारी छापले जावेत.