गिअरबॉक्सचं तेल, बाबांचा गुडघा आणि उतरतं अंगण

कॉलेजला जाताना ज्या गिअरलेस स्कूटरवर आपण निवांत बसतो, तिच्या मागच्या चाकापाशी एक छोटा नट असतो. त्याच्या आत साधारण शंभर-सव्वाशे मिली तेल असतं. इंजिन ऑईल वेगळं, हे वेगळं. तुम्ही ते शेवटचं कधी बदललंत? आठवत नाही ना? मला तर असं काही तेल असतं हेच माहीत नव्हतं. ते कळलं बाबांच्या गाडीच्या गिअरबॉक्सखाली आडवी झाल्यावर.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबणं बंद. म्हणून आम्ही पुण्याहून सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी आणली. रत्नागिरीत ज्याला स्वतः गाडी चालवता येत नाही, तो रिक्षा आणि एसटीच्या वेळेत अडकतो. बाबांना ते नको होतं. त्यामुळे ही गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती.

गेल्या दिवाळीच्या आसपास निवळी घाट चढताना दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना गाडी धक्का द्यायला लागली. एका वर्कशॉपमध्ये दाखवली. ‘गिअरबॉक्स उघडावा लागेल,’ असं सांगून त्यांनी जो आकडा टाकला, तो ऐकून बाबा घरी येईपर्यंत गप्प होते. गाडी ८२ हजार किलोमीटर चाललेली. मी विचारलं होतं, गिअरबॉक्सचं तेल बदललंय का कधी? उत्तर आलं, ‘ते लाईफटाईम असतं.’

आमच्या आळीतले मेस्त्री हे ऐकून हसले. म्हणाले, ‘लाईफटाईम म्हणजे कोणाचा गो? तुझा, का गिअरबॉक्सचा?’

लाल तेल करतं तरी काय?

आपल्याला वाटतं तेल म्हणजे फक्त वंगण. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र ते एकाच वेळी चार नोकऱ्या करतं. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे डोळ्यांसमोर आणा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे तेलातूनच जाते. शिवाय गिअर बदलताना आतले क्लच दाबायचे ते या तेलाच्या प्रेशरने. भाग थंड ठेवायचे आणि झीज थांबवायची तीही त्यानेच.

त्यामुळे तापमान हा या तेलाचा खरा शत्रू. तेल सतत तापलं की ऑक्सिडाईज होतं, त्यातली रसायनं संपत जातात, लाल रंग तपकिरी आणि मग काळा होतो. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ‘सिव्हिअर’ वापरासाठी सर्व्हिसचा वेगळा तक्ता असतो. तो कोणाला लागू? डोंगराळ रस्ता, खूप उष्णता, सतत थांबत-सरकत चालणं, भरपूर ओझं. आता आंबा घाट आठवा, कुंभार्ली आठवा. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर गोगलगायीच्या वेगाने सरकणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या आठवा. आपण सगळे त्या तक्त्यातच राहतो!

ऑटोमॅटिक म्हणजे कोणती ऑटोमॅटिक?

मी यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून तेल मागवायला निघाले होते. मेस्त्रींनी थांबवलं. ‘आधी बॉक्स कोणता ते बघ.’

दोन पेडलं आहेत म्हणजे सगळ्या गाड्या सारख्या नसतात. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर जी स्वस्तातली एएमटी आपल्याकडे पसरली, ती मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्र हलवतं, एवढंच. तिला साधं गिअर ऑईल लागतं, हे लाल तेल नाही. सीव्हीटीमध्ये दोन पुली आणि त्यांच्यावर स्टीलचा पट्टा असतो, तिला फक्त सीव्हीटीचंच तेल चालतं. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात आणि तिचं तेल बदलण्याची पद्धतही वेगळी, ती घरी उघडायच्या भानगडीत पडूच नका. उरली टॉर्क कन्व्हर्टरवाली. तिचं तेल म्हणजे एटीएफ. त्यातही कंपनीने सांगितलेलंच स्पेसिफिकेशन हवं.

‘लाल तेल ते लाल तेल’ का चालत नाही, याची एक भन्नाट गोष्ट आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. पुढे कित्येक वर्षं अशा गिअरबॉक्सच्या तेलात चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळायचे. क्लच सहज, धक्का न देता पकडावेत म्हणून. १९७० च्या सुमारास तिथे या देवमाशाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि त्याचं तेल वापरणं बंद झालं. पर्यायी मिश्रणावर सुरुवातीला गिअरबॉक्स बिघडायला लागले, तेव्हा नवी रसायनं शोधावी लागली. गिअरबॉक्स तोच, तेलातला एकच घटक बदलला, तर ही गत. मग आपण दुकानात समोर दिसेल तो डबा कसा उचलणार?

सोपं काम आणि अवघड काम

आता प्रत्यक्ष काम. गाडी वॉरंटीत असेल तर घरी हात लावू नका. नसेल, तर हे आमच्या अनुभवातून.

पहिली गोष्ट गाडीखालची. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतातच, आणि गाडी जॅकवर घेतली की ते खाली सरकवायची सवय असते. हे कधीही करू नका. जांभा दगड वजनाखाली न सांगता फुटतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीही जाऊ नका. लोखंडी घोड्या भाड्याने मिळतात, त्या लावा. खालची जमीन टणक हवी, मागच्या चाकांना उटी हवी. मगच आत शिरा.

दुसरी गोष्ट, मेस्त्रींनी मला दोनदा म्हणायला लावलेली. ‘आधी भरायचा प्लग उघड, मग काढायचा.’ कारण साधं आहे. तेल काढून टाकलं आणि भरायचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागेवरच बसली.

तिसरी गोष्ट, निघालेलं तेल मोजा. आमचं साडेतीन लिटर निघालं, चहाच्या चोथ्यासारखं काळपट. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर करडी पेस्ट होती. ती चालते, झिजेची असते. धातूचे तुकडे सापडले तर मात्र थांबायचं, तेव्हा प्रश्न तेलाचा राहत नाही.

आमच्या बॉक्समध्ये एकूण सात लिटरच्या आसपास तेल मावतं. मग बाकीचं? ते टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये राहतं. म्हणजे एकदा बदलून निम्मंच तेल नवं झालं. दुसऱ्यांदा केलं की ७५ टक्के, तिसऱ्यांदा ८७. म्हणून लोक काही दिवस गाडी चालवून पुन्हा बदलतात. आम्हीही तेच ठरवलं.

निघालं तेवढं भरलं, नवे वॉशर लावले, गाडी एक चक्कर मारून आणली. मग लेव्हल बघायला प्लग उघडला तर भसाभसा तेल बाहेर. मला वाटलं जास्त झालं होतं. धार थांबेपर्यंत थांबले, प्लग लावला आणि स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ‘डी’ टाकला. गाडी हललीच नाही. दोन-तीन सेकंदांनी दचकून पुढे गेली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून आठवतं.

चूक कुठे झाली?

दोन ठिकाणी. पहिली, तापमान. तेल गरम झालं की फुगतं. या प्रकारच्या सीलबंद बॉक्समध्ये लेव्हल बघायची ती इंजिन चालू ठेवून, आणि तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ठरावीक तापमानाला असताना. आमच्या गाडीला ते ४० अंशांच्या आसपास होतं. मी चक्कर मारून आल्यावर, तेल चांगलं तापलेलं असताना उघडला. जे जास्तीचं वाटलं ते हवंच होतं.

दुसरी चूक, अंगण. रत्नागिरीत सपाट अंगण शोधून दाखवा! आमचं तर गेटकडे उतरतं, त्यात गाडी पुढून उचललेली. वाकड्या ताटात वाढलेलं वरण कुठे जातं, तसंच तेलाचं. लेव्हल गाडी सपाट असतानाच खरी.

शेवटी गाडी न ताणता, हळूहळू मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये नेली. तिथे सपाट कोबा आणि मध्ये खड्डा. स्कॅनर जोडून ते तेलाचं तापमान बघत राहिले. बाबा ब्रेकवर पाय ठेवून गिअर एकेक जागेवर फिरवत होते. बरोबर आकडा आला तेव्हा प्लग उघडला. एक थेंबही आला नाही. चारशे मिली भरल्यावर बारीक धार लागली, ती थेंबावर आली, प्लग बंद. मेस्त्रींनी दोनशे रुपये घेतले. म्हणाले, ‘काढणं कोणालाही येतं गो. मोजणं शिक.’

म्हणून माझा सल्ला असा, की तेल काढणं-भरणं घरी हवं तर करा, लेव्हल मात्र खड्डा आणि स्कॅनर असलेल्या ठिकाणी बघा. यात कमीपणा काही नाही.

आणि काळं तेल?

हे शेवटी लिहितेय, पण विसरू नका. साडेतीन लिटर जळकं तेल कंपाऊंडच्या कडेला ओतून देणं फार सोपं असतं. पण आपला जांभा पाणी मुरवणारा दगड आहे. आज पऱ्ह्यात ओतलेलं उद्या कोणाच्या तरी विहिरीत येतं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा आणि जे गॅरेज जुनं तेल अधिकृत रिसायकलरला देतं त्यांच्याकडे पोचवा. आम्ही मेस्त्रींच्या पिंपात ओतलं.

धक्का पूर्ण गेला का? नाही. दुसऱ्यांदा तेल बदलल्यावर बराच कमी झाला, थंड गाडीत अजून थोडा जाणवतो. ८२ हजार किलोमीटरचं दुर्लक्ष दोन डब्यांत धुऊन निघत नाही. पण गिअरबॉक्स उघडायची वेळ अजून तरी आलेली नाही. गेल्या महिन्यात गुडघा दाखवायला बाबा कोल्हापूरला गेले. आंबा घाट त्यांनी स्वतः चढवला. मी शेजारी बसून गिअर मोजत होते.

तुमच्याकडे गाडी नसेलही. हरकत नाही, स्कूटर आहे ना? या रविवारी मॅन्युअल काढा, मागच्या चाकापाशी तो छोटा नट शोधा. शंभर-सव्वाशे मिलीपासून सुरुवात करा. आणि हो, निघालेलं मोजा.