सफरचंदें उतरवितांना

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी आज अमेरिकेंत आहे. तेथें बॉस्टन शहराच्या आसपास जीं मराठी कुटुंबें राहतात, त्यांच्यांत भाद्रपद सरतां सरतां एक बेत हटकून ठरतो. शनिवारीं सकाळीं मुलेंमाणसें, आणि सहा महिन्यांच्या मुक्कामास आलेले आजीआजोबा असले तर तेहि, मोटारींत घालून सफरचंदें उतरवावयास जावयाचें. शहराच्या पश्चिमेस सुमारें 30 मैलांवर स्टो, बोल्टन, हार्वर्ड अशीं लहान गांवें आहेत. (हें हार्वर्ड म्हणजे विद्यापीठ नव्हे.) तेथील बागवाले दाराशीं रिकामी पिशवी विकतात. ‘पेक’ मापाच्या पिशवींत सुमारें 10 पौंड फळ मावतें, अर्ध्या बुशेलच्या पिशवींत त्याच्या दुप्पट. पिशवी घ्यावी, ओळींतून हिंडावें, आणि फळें आपल्या हातानें उतरवावींत.

आपल्याकडे आंबा उतरविणें हें जाणत्या गड्याचें काम समजतात. झेल्यानें देठासकट काढावा, चीक सालीवर सांडूं देऊं नये, हें कोंकणांतल्या पोरासहि ठाऊक असतें. सफरचंदाचेंहि असेंच एक शास्त्र आहे. फळ तळहातांत घेऊन वर उचलावें व किंचित् पिळावें; पिकलेलें असेल तर देठासह अलगद सुटून येतें. न सुटल्यास तें अद्याप झाडाचें आहे असें समजून पुढें जावें. ओढूं मात्र नये. कारण फळ ज्या बोटभर गांठाळ काडीवर लागतें, तिच्यावरच पुढल्या वर्षाच्या मोहोराचा डोळा त्या उन्हाळ्यांतच तयार होऊन बसलेला असतो. ओरबाडलें कीं काडी मोडते, आणि एका फळाबरोबर येत्या सालचें फळहि जातें. पांच वर्षांच्या मुलास हें एकदां दाखविलें तर तें विसरत नाहीं. मोठ्यांना पुनःपुन्हां सांगावें लागतें.

पूर्वीं हीं झाडें वीस-पंचवीस फूट उंच वाढत व शिडीवांचून फळ हातीं येत नसे. इंग्लंडांत ईस्ट मॉलिंग येथें निवडलेल्या ठेंगण्या खुंटांवर कलमें बांधूं लागल्यापासून आजीबाईंनाहि जमिनीवर उभें राहून फळ काढतां येऊं लागलें. कलमाशिवाय तर येथें चालतच नाहीं. बीं पेरून मूळच्या फळासारखें फळ येत नाहीं, तेव्हां हापुसाप्रमाणेंच प्रत्येक जात एका मूळ झाडाचीं कलमें करकरूनच टिकलेली आहे. बॉस्टनच्या रॉक्सबरी भागाचें नांव धारण करणारें खरखरीत सालीचें ‘रॉक्सबरी रसेट’ सतराव्या शतकापासून असें चालत आलें आहे. उलट ‘हनीक्रिस्प’ 1991 सालीं बाजारांत आलें, आणि मुलें त्याच्याच ओळीकडे धांवतात. आमचें मत विचाराल तर गृहिणींनीं ‘कॉर्टलंड’ शोधावें. चिरल्यावर तें लवकर काळें पडत नाहीं, त्यामुळें कोशिंबिरीस याहून चांगलें फळ नाहीं. बागेंत मिळणारें ‘सायडर’ हा नुसता ताजा रस असतो, मद्य नव्हे. पण सोबतच्या गोड वड्यांत अंडें असतें, हें सोवळ्या मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

आम्हांस खटकतो तो एकच प्रकार. झाडाखालीं एकेक घांस घेऊन टाकलेलीं फळें पडलेलीं असतात. बागवाला चाखावयास नको म्हणत नाहीं, म्हणून ही उधळपट्टी! आपण तासभर हौसेनें करतों तेंच काम पलीकडच्या ओळींत पोटासाठीं चाललेलें असतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून जमैका बेटावरील मजूर या प्रांतीं फळें काढावयास येत आले आहेत. गळ्यांत बादली अडकवून, दोन्ही हातांनीं, फळास डाग न पडूं देतां ते ज्या वेगानें झाड रिकामें करतात, तें मुलांना मुद्दाम दाखवावें.

“बाजारांत याहून स्वस्त मिळतें, शिवाय येथें मजुरीहि आपलीच!” असें आजोबा म्हणतात, आणि हिशेबानें तें खरेंहि असतें. परंतु वॉशिंग्टन राज्यांतील प्रचंड बागांशीं ठोक बाजारांत टक्कर देणें या लहान बागवाल्यास शक्य नाहीं. त्याचें वर्ष या पांचसहा आठवड्यांतल्या शनिवार-रविवारांवर तरतें. त्यांत निसर्गाची लहर. 1933-34 च्या हिवाळ्यांत येथील जुनीं ‘बाल्डविन’ झाडें असंख्य गारठून मेलीं व ‘मॅकिंटॉश’ पुढें आलें. सप्टेंबर 1938 च्या वादळानें ऐन हंगामांत फळें झोडपून काढलीं. 18 मे 2023 च्या पहाटे एका रात्रीच्या हिमानें मोहोर करपला व त्या वर्षीं कित्येक बागांत पाहुण्यांना बोलाविण्यापुरतेंहि फळ धरलें नाहीं. शिवाय शहर जवळ, जमिनीस घरबांधणीचा भाव. मॅसॅच्युसेट्सचें सरकार 1979 पासून मालकांकडून घरें बांधण्याचा हक्कच विकत घेऊन अशा जमिनी कायमच्या शेतीसाठीं राखीत आहे. तरी राखलेल्या जमिनींत झाडें ठेवावयाचीं तर पिशव्या खपल्या पाहिजेत.

घरीं आल्यावर फळें धुवूं नयेत. खाण्याच्या वेळीं धुवावींत. त्यांतून निघणाऱ्या वायूनें शेजारची भाजी लवकर पिकून सडते, तेव्हां तीं निराळीं, थंड जागीं ठेवावींत. पिशवीच्या तळाशीं दबलेलीं मात्र निवडून त्याच रात्रीं किसावींत आणि साखरांब्यास लावावींत.