झाझा: पुन्हा पुन्हा लिहिली गेलेली मैत्रीण

एलिझाबेत लाक्वँ हिला घरचे आणि शाळेतल्या मुली झाझा म्हणत. तिचा जन्म २५ डिसेंबर १९०७ चा, मृत्यू २५ नोव्हेंबर १९२९ चा. बाविसावे वर्ष पुरे व्हायला एक महिना उरला होता. तिचे नाव आज जगाला माहीत आहे ते तिच्या वर्गमैत्रिणीमुळे. ही मैत्रीण म्हणजे सिमोन द बोव्हुआर. करुणा गोखले यांच्या अनुवादामुळे ‘द सेकंड सेक्स’ची लेखिका म्हणून ती मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. त्या ग्रंथाच्या आधी आणि नंतरही, जवळजवळ पंचवीस वर्षे, सिमोन झाझावर लिहिण्याचा प्रयत्न करीत होती.

दोघींची गाठ पॅरिसमधल्या कूर देझीर या कॅथलिक मुलींच्या शाळेत पडली. सिमोनचे तेव्हा दहावे वर्ष सरत होते. शेजारच्या जागेवर एक नवी मुलगी येऊन बसली, काळ्या केसांची आणि धीट. गावी उघड्यावर बटाटे शिजवताना तिच्या कपड्यांनी पेट घेतला होता, मांडी खोलवर भाजली होती, आणि वर्षभर ती अंथरुणाला खिळली होती. बुडलेला अभ्यास भरून काढायला तिने सिमोनच्या वह्या मागितल्या. मैत्रीची सुरुवात इतकी साधी होती. पुढे शाळेत त्यांचे नाव ‘अविभाज्य’ असेच पडले. पहिला नंबर कधी हिचा, कधी तिचा. शिक्षिकांची हुबेहूब नक्कल करणारी, पियानो आणि व्हायोलिन वाजवणारी, वादनाच्या कार्यक्रमात अवघड तुकडा बिनचूक वाजवून सर्वांदेखत आईला जीभ काढून दाखवणारी झाझा, आणि शिस्तीत वाढलेली, सांगितलेले सारे खरे मानणारी सिमोन. एका सुट्टीनंतर झाझा वर्गात परत आली, तेव्हा आपल्याला हिच्यावाचून करमत नाही, किंबहुना जगताच येणार नाही, हे सिमोनला एकाएकी उमगले. तिने ते झाझाला सांगितले मात्र नाही. झाझाच्या वाढदिवसाला तिने स्वतःच्या हाताने शिवलेली रेशमी पिशवी दिली. तेवढीच काय ती कबुली.

दोघी एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणत. एका बाकावर बसणाऱ्या मुलींचे बोलणे अगं-तुगंशिवाय होऊ शकते, हे मराठी कानाला विचित्र वाटेल. त्या काळच्या फ्रेंच प्रतिष्ठित घरांत मात्र ते रीतीला धरून होते. गुपिते, पुस्तके, देवाविषयीच्या शंका, सारे या ‘तुम्ही’च्या अंतरावरूनच बोलले गेले.

घरची परिस्थिती मात्र दोघींची वेगळी होती, आणि पुढची सारी कथा त्या फरकात आहे. पहिल्या महायुद्धानंतर सिमोनच्या वडिलांचा पैसा बुडाला. हुंडा देता येणार नाही, तेव्हा तुम्हाला पोटापुरते कमवावे लागेल, असे त्यांनी दोन्ही मुलींना सांगून टाकले. वडिलांना हा अपमान वाटला. सिमोनसाठी तो दरवाजा ठरला. लाक्वँ घराणे सधन होते आणि कडवे कॅथलिक. नऊ भावंडे, लांदमध्ये मोठे वतनी घर, आणि मुलींसाठी दोनच वाटा: लग्न किंवा मठ. झाझाच्या आईचे स्वतःचे लग्नही ठरवून झालेले होते. मुलीला हुंडा होता, म्हणूनच तिची सुटका नव्हती. पंधराव्या वर्षी नात्यातल्या एका मुलावर तिचा जीव जडला. घरच्यांनी भेटीगाठी बंद केल्या. पुढे सुट्ट्यांत पाहुणे, मेजवान्या, मुरंबे, भेटींना भेटी हा रगाडा इतका वाढला की चार दिवस एकांत मिळावा म्हणून तिने आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली. मराठीत हा वाक्प्रचार आहे. झाझाने ते अक्षरशः केले. आईवर तिचे उत्कट प्रेम होते, तिच्या मनाविरुद्ध वागणे तिला पाप वाटे. ती बंडखोर असती तर कदाचित वाचली असती, असा एक समज वाचकांत रुळला आहे. तो तितकासा खरा नाही. ती बुद्धीने बंड करीत होती, आणि त्याच वेळी प्रेमाने बांधलेली होती.

शाळेनंतर दोघी उच्च शिक्षणाकडे वळल्या. सिमोन तत्त्वज्ञान शिकू लागली, झाझा साहित्य. १९२९ मध्ये सिमोन तत्त्वज्ञानाच्या ‘आग्रेगासियाँ’ परीक्षेत दुसरी आली. पहिला होता झाँ-पॉल सार्त्र. त्याच वर्षी सिमोनचा सहाध्यायी मॉरिस मेर्लो-पाँती, पुढे नामवंत झालेला तत्त्वज्ञ, आणि झाझा एकमेकांच्या प्रेमात पडले. तो कॅथलिक होता, हुशार होता, चांगल्या घरचा होता. तरीही लाक्वँ कुटुंब अडून बसले आणि मेर्लो-पाँतीने अचानक माघार घेतली. बहिणीचे लग्न ठरत आहे, आईला आणखी एक धक्का सोसणार नाही, अशी कारणे त्याने दिली. सिमोनला ती भ्याडपणाची वाटली. झाझा खंगत गेली. एके दिवशी अंगात ताप असताना ती मेर्लो-पाँतीच्या आईकडे जाऊन थडकली आणि आपला तुम्हाला राग आहे का, असे विचारू लागली. काही दिवसांतच, सँ-क्लूच्या रुग्णालयात, व्हायोलिन, मॉरिस, सिमोन आणि शॅम्पेन यांची मागणी करीत ती गेली. मेंदूला सूज आली होती, असे डॉक्टरांचे निदान.

इथून सिमोनच्या लिहिण्याचा इतिहास सुरू होतो. १९३० च्या दशकात तिने कादंबऱ्यांतून प्रयत्न केले. ‘आत्मतत्त्वाचे प्राबल्य’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या कथासंग्रहात झाझा ‘अ‍ॅन’ होऊन येते. गालिमार आणि ग्रासे या दोन्ही प्रकाशकांनी तो नाकारला आणि तो छापला गेला थेट १९७९ मध्ये. १९५४ साली, ज्या वर्षी तिच्या ‘ले मांदारँ’ कादंबरीला गाँकूर पुरस्कार मिळाला, तिने एक लघुकादंबरी लिहिली. त्यात झाझा आहे आंद्रे आणि सिमोन आहे सिल्वी. सार्त्रला ती आवडली नाही, तिलाही ती निरर्थक वाटली, आणि हस्तलिखित कपाटात गेले. १९५८ मध्ये आत्मचरित्राचा पहिला खंड आला. त्यात झाझाचे आडनाव माबीय आहे, मेर्लो-पाँती प्रादेल या नावाने वावरतो, पण बाकी आडपडदा नाही. आपले स्वातंत्र्य झाझाच्या मृत्यूच्या मोलाने मिळाले, असे आपण दीर्घकाळ मानत होतो, या आशयाच्या कबुलीवर तो खंड थांबतो.

कादंबरीत जे जमले नाही ते आत्मचरित्रात जमले, याला कारण आहे. कादंबरी मृत्यूला कारण मागते, आणि तापाने आलेल्या मृत्यूला कारण चिकटवले की तो कृत्रिम होतो. सिमोनची ठाम समजूत होती की झाझाला तिच्या समाजाने मारले. कथेत ही समजूत प्रमेयासारखी सिद्ध करावी लागे. आठवणींत मात्र वह्या, पत्रे, संध्याकाळचे फिरणे, ती काळ्या केसांची मुलगी यांना आपापली जागा मिळाली आणि आरोप त्यांच्या मागे आपोआप उभा राहिला.

आणि मग कळले की आरोपातला एक धागा चुकीचा होता. पुस्तक आल्यानंतर झाझाच्या एका बहिणीने सिमोनला घडलेले सांगितले. लाक्वँ कुटुंबाने भावी जावयाच्या घराण्याची खासगी गुप्तहेराकडून चौकशी करवली होती. मेर्लो-पाँतीचा जन्म आईच्या विवाहबाह्य संबंधातून झाला होता, हे त्यातून बाहेर आले. गाजावाजा झाला असता तर आईची अब्रू गेली असती, बहिणीचे लग्न मोडले असते. तो गप्प राहून बाजूला झाला. ज्याला सिमोनने जवळजवळ तीस वर्षे भ्याड मानले, तो आईची अब्रू जपत होता. लाक्वँ कुटुंबावरचा ठपका त्याने हलका होत नाही, उलट वाढतो. पण मेर्लो-पाँतीला इतकी वर्षे भ्याडपणाचा दोष मिळाला, हा अन्याय होता. तो १९६१ मध्ये वारला.

सिमोन १४ एप्रिल १९८६ ला गेली. १९९१ मध्ये सय या प्रकाशनाने झाझाची १९१४ ते १९२९ या काळातली पत्रे आणि टिपणवह्या छापल्या; मैत्रिणीच्या लेखणीतून नव्हे, तर स्वतःच्या अक्षरांत झाझा प्रथमच वाचकांसमोर आली. कपाटातली लघुकादंबरी सिमोनची दत्तक कन्या सिल्वी ल बाँ द बोव्हुआर हिने २०२० मध्ये ‘ले झँसेपाराब्ल’ (अविभाज्य) या नावाने प्रसिद्ध केली. तिच्या आरंभी झाझाला उद्देशून काही ओळी आहेत. ही तुमची खरी गोष्ट नव्हे, तुम्ही आंद्रे नव्हता आणि मी सिल्वी नाही, असे सिमोन तिथे सांगते. त्या ओळी लिहिल्या तेव्हा झाझाला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती, आणि संबोधन शाळेतलेच होते, ‘तुम्ही’.