कादंबरी : वाचण्यासाठी आणि अभ्यासण्यासाठी

एखादी नामांकित कादंबरी अभ्यासक्रमात आली की तिच्याकडे पाहण्याची विद्यार्थ्याची दृष्टी बदलते. एरवी जे पुस्तक कुतूहलाने हाती घेतले गेले असते, ते आता परीक्षेच्या धास्तीने उघडले जाते. प्रमुख पात्राचे स्वभावचित्र, शीर्षकाची समर्पकता, संदर्भासह स्पष्टीकरण असे प्रश्न आधीपासूनच मनात असतात. पुढे काय घडेल, या उत्सुकतेची जागा यावर कोणता प्रश्न येईल, ही चिंता घेते. दुसरीकडे, केवळ आनंदासाठी वाचणाऱ्यास अशा प्रश्नांची गरज भासत नाही. त्यामुळे कादंबरीचा अभ्यास केला की तिच्यातील गोडी नाहीशी होते, असा समज रूढ झाला आहे. हा समज कितपत खरा आहे, हे तपासताना लखनौ या शहराचे उदाहरण फार उपयोगी पडते.

मराठी माणसाला लखनौ आठवते ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या नावाशी जोडलेल्या, १९२६ साली स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयामुळे. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे, ती ग्रंथांची. १८५६ साली इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले आणि पुढच्याच वर्षीच्या उठावात लखनौ होरपळून निघाले. त्यानंतर लगेच, १८५८ साली, मुन्शी नवलकिशोर यांनी तेथे आपला छापखाना सुरू केला. उर्दू, फारसी, हिंदी, संस्कृत अशा अनेक भाषांतील ग्रंथ तेथे छापले जाऊ लागले. ‘अवध अखबार’ हे त्यांचे वृत्तपत्र. त्यात पंडित रतननाथ सरशार यांची ‘फसाना-ए-आझाद’ ही प्रदीर्घ कथा १८७८-७९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८८० साली पुस्तकरूपाने आली. आज उर्दू साहित्याच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे. पण प्रथम ती लोकांपुढे आली ती दैनंदिन बातम्यांच्या सोबतीने, विरंगुळा म्हणून.

महाराष्ट्रातही याच सुमारास असेच घडत होते. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली एक साप्ताहिक सुरू केले आणि त्याचे नावच ‘करमणूक’ असे ठेवले. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही त्यांची कादंबरी याच साप्ताहिकातून क्रमशः वाचकांपर्यंत पोहोचली. मराठी कादंबरीचा मानदंड म्हणून जिचा उल्लेख होतो, ती कादंबरी करमणुकीच्या पानांतूनच घरोघरी गेली. अभिजात मानल्या जाणाऱ्या अनेक कादंबऱ्यांचा जन्म असा झाला आहे. त्या आधी वाचल्या गेल्या, आवडल्या, टिकल्या आणि मगच अभ्यासाचा विषय झाल्या.

लखनौच्या या ग्रंथसंपदेवर वाढलेला एक वाचक पुढे स्वतः थोर कादंबरीकार झाला. ते म्हणजे प्रेमचंद. त्यांचे बालपणीचे काही दिवस गोरखपूरला गेले. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना उर्दू कादंबऱ्यांचे वेड लागले. सरशार, शरर, रुसवा या लेखकांचे पुस्तक मिळाले की ते शाळेची आठवणही विसरत. पण पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा ते एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात बसून वाचू लागले. दिवसभर तेथे बसणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी एक तोड काढली. त्या दुकानातून इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या मार्गदर्शिका घेऊन ते शाळेतील मुलांना विकत आणि त्या मोबदल्यात कादंबऱ्या घरी नेऊन वाचत. दोन-तीन वर्षांत त्यांनी अशा शेकडो कादंबऱ्या वाचल्या. त्या संपल्यावर नवलकिशोर छापखान्याने काढलेले पुराणांचे उर्दू अनुवाद आणि ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या अद्भुत कथेचे जाडजूड खंडही त्यांनी वाचले. ही सारी हकीकत त्यांनी आपल्या पहिल्या लेखनाविषयीच्या आठवणींत स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

पुढे १९२७ साली प्रेमचंद लखनौला आले ते ‘माधुरी’ या मासिकाचे संपादक म्हणून, आणि हे मासिकही नवलकिशोर छापखान्याचेच होते. १९३६ च्या एप्रिल महिन्यात लखनौलाच प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन झाले, त्याचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. त्याच वर्षी त्यांची ‘गोदान’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. आज ती शाळा-महाविद्यालयांत अभ्यासली जाते. मार्गदर्शिका विकून कादंबऱ्या मिळवणाऱ्या मुलाच्या कादंबऱ्यांवरच आता मार्गदर्शिका विकल्या जातात. प्रश्न असा, की या मार्गदर्शिका वाचणाऱ्यास नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही?

याचे उत्तर ‘गोदान’मधील एका प्रसंगातून मिळू शकते. अवधमधील बेलारी गावचा होरी हा गरीब शेतकरी. दाराशी एक गाय असावी, एवढीच त्याची मनीषा. ती कशीबशी पूर्ण होते. पण सख्खा भाऊ हीराच मत्सराने त्या गाईला विष घालतो. चौकशीसाठी पोलीस अधिकारी येतो आणि हीराच्या घराची झडती घेण्याची भाषा करतो. भावाच्या घराची झडती म्हणजे कुळाची बेअब्रू, म्हणून होरी त्या अधिकाऱ्याला देण्यासाठी कर्जाने पैसे काढतो. त्याची पत्नी धनिया ते पैसे सर्वांसमक्ष उधळून लावते. मार्गदर्शिकेत या साऱ्याचे सार ‘होरी सोशिक, मर्यादाशील व धर्मभीरू आहे, धनिया स्पष्टवक्ती आहे’ अशा एका वाक्यात सापडते. ते वाक्य चुकीचे नाही. मात्र ज्याने प्रसंग वाचला आहे, त्याला होरीचा रागही आलेला असतो आणि कीवही वाटलेली असते. धनियाच्या कृतीने त्याला क्षणभर समाधान लाभलेले असते आणि आता पुढे काय होईल, या काळजीने त्याने पान उलटलेले असते. विशेषणांची यादी पाठ करणाऱ्यास दुसऱ्याचा निष्कर्ष मिळतो. वाचणाऱ्यास होरी आणि धनिया ही माणसे भेटतात.

म्हणजे अभ्यास निरर्थक आहे का? तसे नाही. केवळ ओघात वाचणाऱ्याच्या नजरेतून पुष्कळ गोष्टी निसटतात. मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ ही लखनौची कादंबरी १८९९ सालची. फैजाबादेहून पळवून आणून लखनौच्या कोठ्यावर विकली गेलेली मुलगी, हे तिचे कथानक कोणालाही खिळवून ठेवते. पण ही कथा सांगते कोण? प्रौढपणी उमराव आपली जीवनकहाणी खुद्द लेखकाला ऐकवते, अशी तिची रचना आहे. थोडे थांबून विचार केला की ‘पण लक्षात कोण घेतो!’ आठवते. तीही यमू या बालविधवेने स्वतः सांगितलेली आत्मकथाच आहे. एकाच दशकात, एकमेकांपासून दूर असलेल्या दोन भाषांत, दोन पुरुष लेखकांनी समाजाने गप्प बसवलेल्या स्त्रीच्या तोंडी ‘मी’ हा शब्द घातला, ही गोष्ट लक्षात येते ती अभ्यासामुळे. अवधचा इतिहास ठाऊक असला, तर उमरावच्या आठवणींतील उद्ध्वस्त लखनौ अधिक जिवंत होते. अशा जाणकारीने आनंद वाढतो आणि तो अधिक काळ टिकतो.

येथे पुन्हा भातखंडे यांचे कार्य आठवते. त्यांनी देशभर फिरून जाणत्या गायकांकडून शेकडो बंदिशी ऐकल्या, मिळवल्या आणि मग त्या स्वरलिपीत बद्ध केल्या. आधी ऐकणे आणि मग लिहिणे, हा तो क्रम. स्वरलिपीमुळे बंदिश जतन होते, शिकवता येते. पण ज्याने राग कधी ऐकलाच नाही, त्याला केवळ स्वरलिपीतून त्याची गोडी कळत नाही. कादंबरीचेही असेच आहे. अभ्यास हे दुसरे वाचन आहे. पहिले वाचन झालेच नसेल, तर अभ्यासायचे तरी काय?

मुक्त विद्यालयातील विद्यार्थ्याने हा क्रम विशेष ध्यानात घ्यावा. दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या अनेकांच्या घरी पाठ्यपुस्तक हेच साहित्याचे एकमेव पुस्तक असते. त्यातील उतारा म्हणजे कादंबरीचे दार. ते दार प्रश्नोत्तरांपुरतेच उघडून बंद केले, तर परीक्षा पार पडते, पण आतले घर पाहायचे राहून जाते. म्हणून उतारा आवडल्यास मूळ कादंबरी ग्रंथालयातून मिळवावी. ती एका बैठकीत संपवण्याचा अट्टाहास नको. आपट्यांच्या आणि सरशारांच्या पहिल्या वाचकांनाही ती हप्त्याहप्त्यानेच मिळाली होती. रोज एक प्रकरण वाचावे. अडलेल्या शब्दावर खूण करून पुढे जावे. प्रश्नांकडे वळावे ते कथा संपल्यावर, आणि उत्तर लिहिताना मार्गदर्शिकेतील वाक्याऐवजी स्वतःला अस्वस्थ करून गेलेला प्रसंग आठवावा. तसे लिहिलेले उत्तर आपले स्वतःचे असते, आणि परीक्षा संपली तरी ते विसरले जात नाही.